हजेरी रोज, निकाल महिन्याने

माझ्या लहानपणी रेल्वेच्या फलाटावर वजनाचे एक यंत्र उभे असे. काचेमागे रंगीत दिवे लुकलुकत, एक चक्र गरगर फिरे आणि नाणे टाकून क्षणभर श्वास रोखला की खटकन् आवाज होऊन एक जाड पुठ्ठ्याचे तिकीट हाती येई. तिकिटाच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य छापलेले असे. पायांत बूट, खांद्यावर पिशवी, हातात पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या, अशा थाटात उभे राहून मिळालेला तो वजनाचा आकडा आम्ही प्रमाण मानत असू आणि भविष्याला मात्र हसत असू. आज वाटते, त्या तिकिटाच्या दोन्ही बाजू सारख्याच सावधपणे वाचायला हव्या होत्या.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे आमच्या घरात आलेला वजनकाटा.

२०२४ च्या दिवाळीनंतर आम्हा उभयतांच्या रक्ताची तपासणी झाली. गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा सरासरी अंदाज देणारी एचबीएवनसी नावाची जी तपासणी असते, तीत माझा आकडा ६.१ आला आणि आमच्या सौ.चा ६.२. ५.७ ते ६.४ हा पट्टा म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ ला माणूस उंबरठा ओलांडून आत जातो. सौ.च्या मातोश्रींचा एक पाय याच व्याधीने गुडघ्याखाली गेला, तो प्रसंग आम्ही दोघांनीही जवळून पाहिलेला. त्यामुळे डॉक्टरांना फार बोलावे लागले नाही. "सर, चौऱ्याऐंशीचे अठ्ठ्याहत्तर करा. वहिनींनीही चार-पाच किलो उतरवावेत. घाई नको, आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झालं," एवढे सांगून त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

परत येताना मी एक काचेचा वजनकाटा विकत घेतला. मुख्याध्यापकी अंगात मुरलेली. तेव्हा काट्याबरोबर नोंदीची व्यवस्थाही ओघानेच आली. स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या दिनदर्शिकेवर, तारखेच्या चौकटीत, लाल शाईने माझे वजन आणि निळ्या शाईने सौ.चे वजन लिहिण्याचा प्रघात मी सुरू केला. नवी वस्तू घरात आली की ती वापरावीशी वाटते. उठल्यावर वजन, फिरून आल्यावर वजन, शाळेतून परतल्यावर वजन, झोपताना पुन्हा वजन. आकडा उतरला की चहा गोड लागे, साखर न घालताही. चढला की घरातल्या माणसांना माझा स्वर त्यावरून ओळखता येई.

पहिला आठवडा सरला. माझे दोन किलो उतरले होते. सौ.चे चारशे ग्रॅम वाढले होते. दोघांचे ताट एकच, फिरण्याचा रस्ता एकच, आणि निकाल मात्र असा. रविवारी मुलगा आणि सूनबाई जेवायला बसली असता मी दिनदर्शिकेकडे बोट दाखवून म्हणालो, "हिशेब कुठेतरी चुकतोय. दुपारी मी शाळेत असतो तेव्हा स्वयंपाकघरात काय चालतं, देव जाणे!"

मी थट्टेने बोललो होतो. कोणी हसले नाही. सौ.ने वाढत असलेला डाव आमटीच्या भांड्यात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "अहो, मी तुमच्या शाळेतली विद्यार्थिनी नव्हे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फिरायला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "एवढं करून आकडा वाढणारच असेल तर पाय तरी कशाला दुखवून घ्यायचे?"

जिने स्वतःच्या आईचा पाय जाताना पाहिला, तिने सात दिवसांच्या एका आकड्यापायी प्रयत्न सोडून द्यावा, आणि तो आकडा भिंतीवर टांगणारा मी असावा, ही गोष्ट मला फार लागली. आकडा खरा की सौ. खरी, हा प्रश्न मी प्रथम स्वतःला विचारला आणि मग पुस्तके उघडली. जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावे, या हेतूने हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी, की काटा चरबी मोजत नाही. तो आपल्यासकट सगळेच मोजतो. पोटातले अन्न, आतड्यातला मळ, रक्तातले आणि पेशींतले पाणी, अंगावरचे कपडे, हे सारे त्याच्या हिशेबी सारखेच. पाव लिटर पाणी प्यायलो की त्या क्षणी वजन पाव किलोने वाढते. म्हणून काही आपण लठ्ठ झालेलो नसतो.

हे पुरातन काळी एका मनुष्याने फार चिकाटीने पडताळून पाहिले होते. इटलीतील पादुआ येथील वैद्य सँटोरिओ (१५६१–१६३६) याने तराजूला टांगलेली एक खुर्चीच करवून घेतली आणि जवळजवळ तीस वर्षे तो स्वतःला, स्वतःच्या अन्नाला आणि मलमूत्राला तोलत राहिला. १६१४ साली त्याने आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले तर त्यातले सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसणाऱ्या मार्गाने, म्हणजे श्वासावाटे आणि त्वचेवाटे, निघून जातात असे त्याला आढळले. आपण रात्री झोपतो ते सकाळी काही शे ग्रॅमनी हलके होऊन उठतो, ते याच अदृश्य वाटेने. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर अशी दोन वजने घेऊन त्यांची तुलना करणाऱ्या माझ्यासारख्याला सँटोरिओने वेड्यात काढले असते.

आता थोडे गणित. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. एखाद्याने रोजच्या गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी घेतल्या, आणि हा निग्रह काही सामान्य नव्हे, तर दिवसाकाठी त्याची चरबी झडते ती सुमारे ६५ ग्रॅम. घरगुती काट्यावर सर्वांत लहान फरक दिसतो तो बहुधा १०० ग्रॅमचा. आणि पाणी, मीठ, पोटातले अन्न यांच्यामुळे निरोगी माणसाचे वजन दिवसादिवसाला एक किलोने, क्वचित दोन किलोंनीही, खालीवर होते. म्हणजे खरी कमाई ६५ ग्रॅमची आणि भरती-ओहोटी किलोची! समुद्राच्या लाटांत उभे राहून घागरीभर पाणी कमी झाले की नाही हे पाहण्यासारखाच हा उद्योग. सात दिवसांत मात्र हेच ६५ ग्रॅम साडेचारशेच्या वर जातात, महिन्यात दोन किलोंच्या जवळ पोचतात. आणि मग ते लाटांवरही दिसू लागतात.

हेच गणित उलटे करून पाहावे म्हणजे मनाला धीर येतो. रविवारी पोहे-जिलबी झाली आणि सोमवारी काटा एक किलो वर दिसला. एक किलो चरबी एका दिवसात चढायची तर गरजेपेक्षा ७,७०० कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. एका जिलबीच्या दीडशे कॅलरी धरल्या तरी पन्नासांहून अधिक जिलब्या झाल्या. इंदूरकर खाण्याच्या बाबतीत कोणाला हार जात नाहीत हे खरे. पण इतके काही आपण खात नाही. सोमवारचा तो किलो बहुतांशी पाण्याचा असतो. शेव, लोणचे, पापड यांतले मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. दोन-तीन दिवसांत ते आपोआप उतरते. एकादशीचेही तसेच. उपासाच्या दुसऱ्या दिवशी काटा उतरलेला दिसतो तो मुख्यतः पोट रिकामे असल्यामुळे; आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हा आमचा बाणा असला तर तेवढेही समाधान नाही.

मग माझे ते पहिल्या आठवड्याचे दोन किलो? त्याचेही उत्तर मिळाले, आणि ते माझ्या अभिमानाला मानवणारे नव्हते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा पिष्टमय साठा असतो. मोठ्या माणसात तो साधारण अर्धा किलोच्या आसपास भरतो. त्याचा एक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाळगून असतो. भात-पोळी एकदम कमी केली की हा साठा आटतो आणि त्याबरोबर पाणीही निघून जाते. ज्याला मी पराक्रम समजलो, त्यातला बराचसा भाग पाण्याचा होता. उलट सौ.ने कित्येक वर्षांनी चालण्याचा व्यायाम आरंभला होता. सवय नसलेले स्नायू दुखावले की दुरुस्तीसाठी काही दिवस पाणी धरून ठेवतात. तिच्या चारशे ग्रॅमचे कारण चोरून खाणे नव्हते. कदाचित नेकीने चालणे हेच असेल. ज्याला बक्षीस दिले तो नुसता निथळला होता आणि जिला दोष दिला ती राबली होती. परीक्षक म्हणून माझी इतकी फजिती यापूर्वी झाली नव्हती.

येथे मला माझ्याच धंद्यातली एक जुनी गोष्ट नव्याने कळली. शाळेत आपण हजेरी रोज घेतो; पण एका दिवसाच्या हजेरीवरून कोणाला उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण ठरवत नाही. हजेरी ही नोंद आहे, निकाल नव्हे. वजनाचेही हेच सूत्र धरावे. नोंद हवी तर रोज करा. निकाल मात्र महिन्याने लावा.

आता ही नोंद कधी आणि कशी करावी? सकाळी उठल्यावर, शौचमुखमार्जन आटोपून, चहा-पाण्याचा घोटही घेण्यापूर्वी, अनवाणी, रोज साधारण सारख्याच हलक्या कपड्यांत वजन करावे. काटा एकच असावा आणि त्याची जागाही एकच. फरशीसारख्या कठीण व सपाट जमिनीवर तो ठेवावा. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवलेला काटा खोटे बोलतो. घरचा काटा आणि दवाखान्यातला काटा यांची भांडणे लावू नयेत; दवाखान्यात आपण दुपारी, जेवून, बूट घालून गेलेलो असतो. एकदा उभे राहावे, आकडा लिहावा, उतरावे. मनासारखा आला नाही म्हणून पुन्हा चढू नये.

रोज वजन करणाऱ्याने सात दिवसांच्या आकड्यांची बेरीज करून तिला सातांनी भागावे आणि येणारी सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. इयत्ता चौथीचे हे गणित. पण रोजच्या चढउताराची निम्मीअधिक चिंता ते हरण करते. ज्याला रोजची उठाठेव नको, त्याने आठवड्यातून एकच वार नेमावा. तो मधला, बुधवार किंवा गुरुवार, असावा. रविवारच्या पाहुणचाराची शिक्षा सोमवारच्या आकड्याने भोगण्यात अर्थ नाही. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांच्या शरीरात पाळीच्या आधी काही दिवस पाणी साचून वजन एखाद-दीड किलोने वाढलेले दिसू शकते. त्यांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. सूनबाईला हे सांगण्याचे काम अर्थातच सौ.ने केले.

चार आठवड्यांच्या सरासऱ्या एकाच जागी थांबल्या तर मात्र ताटाकडे आणि चालण्याकडे पुन्हा पाहावे. देह हलका झाला की त्याची गरजही थोडी घटते आणि पूर्वीचे पथ्य अपुरे पडू लागते. चार दिवस आकडा थांबला म्हणून जेवण तोडणे हा मात्र अविचार होय.

रोज बरे की आठवड्याने, याचे उत्तर माणसाच्या स्वभावात आहे. अमेरिकेत १९९४ साली अशा माणसांची एक नोंदवही सुरू झाली, की ज्यांनी निदान ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपास, वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवले. त्यांतली सुमारे तीन-चतुर्थांश माणसे आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभी राहत असल्याचे आढळले. काट्यामुळे त्यांचे वजन टिकले, की जी माणसे मुळात दक्ष तीच काट्यावर चढतात, हा वाद आपण बाजूला ठेवू. काटा अजिबात न पाहणे हे बहुधा डोळे मिटून दूध पिण्यासारखे असते, एवढे तरी त्यातून घ्यावे. पण ज्याचा अख्खा दिवस सकाळच्या आकड्याने नासतो, त्याने आठवड्यालाच वजन करावे. तेही सोसत नसेल तर महिन्याने डॉक्टरांकडे करावे.

वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या हाती तर हा खेळ देऊच नये. वजन वाढणे हा त्यांच्या वयाचा धर्म आहे. काटा पाहून जेवण टाकणारी मुलगी घरात दिसली तर काटा उचलून ठेवावा आणि तिला वेळीच डॉक्टरांकडे न्यावे. शाळांतून आरोग्य-तपासणीच्या दिवशी एक शिक्षक वजन मोठ्याने वाचतो, दुसरा लिहून घेतो आणि रांग हसते, हे दृश्य मी वर्षानुवर्षे पाहिले आणि मला त्यात कधी काही वावगे दिसले नाही. आता माझ्या शाळेत काट्याभोवती पडदा असतो आणि आकडा फक्त लिहिला जातो.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. ज्यांचे हृदय दुबळे झाले आहे, त्यांना डॉक्टर रोज वजन करायला सांगतात ते निराळ्या कारणासाठी. एक-दोन दिवसांत एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोंहून अधिक वाढ झाली, तर अंगात पाणी साचत असल्याची ती खूण असू शकते. तेथे महिन्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तसेच काहीही पथ्य न करता सहा महिने ते वर्षभरात वजन शेकडा पाचांहून अधिक घटले तर आनंद न मानता तपासणी करून घ्यावी.

राहता राहिला सौ.चा प्रश्न. ती दिनदर्शिका मी भिंतीवरून काढली. "चूक माझी झाली," हे तीन शब्द शाळेत मी मुलांकडून सहज वदवून घेतो. घरी ते उच्चारायला मला दोन दिवस लागले. मग दोन लहान वह्या आणल्या, त्यातली एक तिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "ही तुझी. मी उघडणार नाही, विचारणारही नाही." ती काही बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी बाहेर पडताना पाहतो तो ती चपला घालून दारात उभी.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा तपासणीला गेलो. माझे चार किलो उतरले होते आणि साखर ५.९ झाली होती. सौ.चे वजन दीड किलोच घटले होते. पण कमरेचा घेर पाच सेंटिमीटरने उतरला होता आणि साखरेचा आकडा ५.८ होता. डॉक्टर हसून म्हणाले, "सर, वहिनी तुमच्या पुढे गेल्या."

हा काही चमत्कार नव्हे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात शेकडा सात वजन उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम ही उद्दिष्टे उंबरठ्यावरच्या लोकांपुढे ठेवली होती. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. पण आपल्याला अधिक जवळचा आहे तो चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. ५३१ भारतीयांना सुमारे अडीच वर्षे निरखले असता, आहार आणि चालणे सुधारलेल्या गटात मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला; आणि विशेष म्हणजे त्या लोकांचे वजन म्हणण्यासारखे घटलेच नव्हते! काटा जागचा हलला नाही, तरी आत काहीतरी हलले होते. म्हणून वजनाबरोबर महिन्यातून एकदा कमरेला टेपही लावावी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता हे माप घ्यावे. आपल्याकडच्या पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा तज्ज्ञांनी सांगितली आहे.

भगवंताच्या तुलेत सोन्यानाण्याने जे पारडे हलले नाही ते एका तुलसीपत्राने हलले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. सर्वच गोष्टी काट्यावर दिसत नाहीत, एवढा तिचा अर्थ मला आता पुरतो.

सौ.ची वही स्वयंपाकघरातल्या खणात, मसाल्याच्या डब्याशेजारी असते. तीत काय लिहिले आहे ते मला अद्याप ठाऊक नाही. रोज सकाळी सव्वासहाला दारात चपला वाजतात. हजेरी लागते, एवढे मला कळते. निकालाची घाई आता कोणालाच राहिलेली नाही.